बाबांच्या आवाजातलं पाणी

मी अक्षरं शिकले ती बाबांच्या पत्रकांवरून. भूत नसतं, करणी नसते, पुरावा मागा. धानोऱ्याच्या बाजारात ती वाटताना मी लोकांशी भांडायचे आणि बाबा मागे उभे राहून हसायचे.

थायरॉईडचा कॅन्सर त्यांच्या आवाजाच्या नसेपर्यंत पोचला होता. नागपुरात ऑपरेशन झालं, गाठ निघाली, आणि बाबा घोगरा, अर्धा आवाज घेऊन घरी आले. गिळताना खोकला आला तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खोकला आलाच नाही. मी वहीत रोज लिहायचे : पाणी प्यायले, खोकला नाही.

शेजारची काकी गावच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, मासे धरते. एका दुपारी बाबा पाणी पिऊन तिला 'बस' म्हणाले, तशी ती उंबऱ्यातच थबकली.

"भाऊ, पुन्हा बोला जी."

"काय बोलू?"

ती माझ्याकडे वळली. "पोरी, हा तुहा बाप नाई बोलून राह्यला. बोडीच्या तळातून कोणी बोलून राह्यलं."

"काकी, पुढच्या पत्रकात तुझाच फोटो छापते."

"छाप. पण त्याले पानी नको देऊ."

मला संताप आला. तिच्यादेखत मी बाबांना आणखी अर्धा पेला दिला. ते शांतपणे प्यायले. "बघ, आला खोकला?" काकी त्यांच्या गळ्यावर नजर ठेवून मागे मागे सरकत अंगणात गेली.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. दवाखान्यात गिळतानाचा एक्सरे काढला. पडद्यावर प्यायला दिलेल्या औषधाची काळी धार सरळ श्वासनळीत उतरली, आणि बाबा स्वस्थ बसून होते.

"घशाला कळतच नाही, म्हणून खोकला नाही," डॉक्टर म्हणाले. "असंच चाललं तर फुप्फुसं जातील. प्यायल्यावर आवाज ओला, पाण्यातून आल्यासारखा यायचा का?"

वहीत ते कुठेच नव्हतं.

आता पातळ पाणी बंद. हनुवटी छातीला टेकवून घट्ट पेजेचा एक चमचा, मग 'आ' म्हणायचं. आवाज कोरडा आला तरच पुढचा. मला फरक ऐकू येत नाही. काकीला येतो. भूत नसतं, हे मी आजही छापीन. पण जेवणाच्या वेळी तिला हाक मारते. ती डोळे मिटून ऐकते, आवाज कोरडा आला की उघडते.

आज चौथ्या चमच्यानंतर बाबा 'आ' म्हणाले. मला आवाज स्वच्छ वाटला. त्यांची भुकेली नजर वाटीवर होती.

"थांब पोरी. अजून आत हाय."

मी चमचा खाली ठेवला. बाबांनी नुसतंच गिळलं, पुन्हा 'आ' म्हटलं.

काकीने डोळे उघडले नाहीत.