खुणेखालचा गॅस

तिला सगळा कारखाना वहिनी म्हणायचा. माल नेणाऱ्या ट्रकवर तिचा धाकटा दीर होता, आणि तो फाटकातूनच "वहिनी, झालं का?" अशी हाळी द्यायचा. ती हाक हळूहळू साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसली. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

फ्रिजात, एसीत, शीतघरांत जो गॅस असतो, तो मोठ्या टाकीतून सिलिंडरांत भरायचं तिचं काम. बघणाऱ्याला ते सोपं वाटायचं. रिकामा सिलिंडर काट्यावर ठेवायचा, पाईप जोडायचा, वाल्व्ह उघडायचा, वजन भरलं की बंद करून टोपी लावायची. पण तो गॅस एकटा नव्हता, तिघांची मिसळ होती, आणि तिघांचा स्वभाव वेगळा. त्यातला एक भारी चंचल. जरा मोकळी जागा दिसली की वाफ होऊन वर पळायचा. भरणाऱ्या बायका त्याला 'उतावळा नवरा' म्हणायच्या. म्हणून टाकीच्या वरची वाफ कधी घ्यायची नाही, नेहमी तळातून पातळ माल काढायचा. तरी टाकी उतरत जाईल तशी वरची जागा वाढायची, नवरा तिकडं जाऊन बसायचा आणि खाली उरलेल्या मालात तोच कमी पडायचा. म्हणून टाकीच्या काचेच्या नळीवर एक लाल खूण होती. खुणेला आलं की थांबायचं. उरलेला माल पुन्हा मिसळखोलीत जाऊन दुरुस्त व्हायचा. उन्हात वाफ जास्त धरते, म्हणून टाकीवर पाण्याचा फवाराही चालू असायचा.

हे सगळं तिला डोळे मिटूनही करता आलं असतं, आणि हल्ली जवळजवळ तसंच व्हायला लागलं होतं. तिचा नवरा गवंडी होता. दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली. रात्री त्याला कुशीवर वळवायचं, पाणी पाजायचं, चादर बदलायची. वळवलं नाही तर पाठीला जखमा व्हायच्या. झोप म्हणून तिला जे काही मिळायचं ते तुकड्यांत, आणि कामावर येईपर्यंत ते तुकडेही विरून गेलेले असायचे.

त्या दिवशी ऊन रणरणत होतं. फवाऱ्याची मोटर सकाळीच जळाली होती. ट्रक दाराला लागलेला, दीर घाम पुसत उभा. थोडेच सिलिंडर राहिले होते आणि नळीतली पातळी खुणेला येऊन टेकली. तिनं वाल्व्ह बंद केला.

"काय झालं?" दीर म्हणाला.

"खुणेला आलंय. दुसरी टाकी जोडायला लागेल."

"म्हणजे दुपार गेली माझी! अगं, चारदोन राहिलेत. खूण म्हणजे काय, कुणीतरी अंदाजानं ओढलेली रेघ. इकडंतिकडं व्हायचंच."

एरवी तिनं त्याला फटकारलं असतं. पण आज बोलायचंच जिवावर आलं. दुसरी टाकी जोडायची म्हणजे जड पाईप सोडवा, पाना फिरवा, आतली हवा ओढून काढा. तिचा खांदा आठवडाभर ठणकत होता. लॅबवाल्या बाईनं सकाळी, टाकी अर्धी असतानाच नमुना नेला होता. आता कुणी बघणार नव्हतं. तिनं वाल्व्ह पुन्हा उघडला.

घरी आल्यावर ती नवऱ्याला भात भरवत बसली. घास चमच्यातच राहिला, हात अर्ध्यावर थांबला. नवऱ्याचं तोंड अर्धंच वळायचं, पण नजर तीक्ष्ण होती.

"काय... झालं?"

तिनं सांगितलं. माल कुठं जाणार तेही सांगितलं. दवाखान्यांची शीतघरं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडं. तिथं औषधं राहतात, रक्ताच्या पिशव्या राहतात.

तो म्हणाला, "धाकट्याला फोन लाव. शिव्या... मला जमत नाहीत आता. तू घाल."

दीर तोवर बराच लांब गेला होता.

"परत फीर," ती म्हणाली.

"वहिनी, ऊन लागलं का तुला?"

"माझं चुकलंय. खुणेच्या खालचं भरलं मी."

"मग शेवटचे कोणते ते सांग. बाजूला काढतो."

"मला कसं कळणार? चढवलेस तू. शिक्का सगळ्यांवर एकच."

"म्हणजे सगळा ट्रक? मालक माझी चामडी सोलेल! थोडं कमी गार होईल, एवढंच ना?"

"किती कमी ते ना तुला ठाऊक, ना मला."

त्यानं फोन ठेवला. तो वळला की पुढंच गेला, तिला कळायला मार्ग नव्हता.

सकाळी ती पोचली तेव्हा ट्रक फाटकाशी उभा होता. खिडकीतून दिराचे पाय बाहेर आलेले, तो आत घोरत होता. कपडे न बदलता ती तशीच साहेबांकडं गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. साहेबांनी कपाळाला हात लावला. "तू?" एवढंच ते म्हणाले. ते तिला शिवीपेक्षा जास्त लागलं.

लॅबवाल्या बाईनं एकूणएक सिलिंडर तपासला. बहुतेक ठीक निघाले. शेवटच्या काहींत मात्र उतावळा नवरा इतका कमी होता, की तो माल बाहेर पाठवण्याजोगा नव्हताच. ते मिसळखोलीत रिकामे केले, बाकीचे दुसऱ्याच ट्रकनं गेले. माल उशिरा पोचला म्हणून मालकानं दिराकडून त्या रस्त्याच्या फेऱ्या काढून घेतल्या. कित्येक दिवस तो तिच्याशी बोलला नाही. भावाला बघायला मात्र यायचा आणि म्हणायचा, "दादा, सांग हिला, चहा नको."

ती आतून म्हणायची, "सांगा त्याला, केलाय. ओतून देऊ का?"

मधे पडलेला नवरा एकदा असा हसला की त्याला ठसका लागला, आणि दोघं एकदम त्याला धरायला धावले. त्या दिवशी दिरानं चहा घेतला.

तिला भरण्यावरून काढून मागच्या शेडमध्ये टाकलं होतं. तिथं परत आलेले रिकामे सिलिंडर यायचे. जुनी चिकटपट्टी खरवडायची, गंज घासायचा, रंग द्यायचा. सुरुवातीला ती मान वर करायची नाही. येणारेजाणारेही अवघडून बाजूनं जायचे. मग तिच्या लक्षात आलं, की डबा पूर्ण संपतोय. स्टुलावर बसून काम करता येतंय. एक पट्टी नीट निघाली नाही तर पुन्हा खरवडली की झालं.

काही महिन्यांनी साहेब स्वतः तिथं आले. "झालं गेलं गंगेला मिळालं. उद्यापासून भरण्यावर ये. तुझ्यासारखा हात नाही दुसऱ्या कुणाचा."

तिला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. तिनं खरवडणी खाली ठेवली.

"हात आहे हो, साहेब. पण तिथं हात पुरत नाही. परवा इथं बसल्याबसल्या डोळा लागला माझा. कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणून सांगतेय. जिची रात्री पुरी झोप होते, अशी कुणीतरी बसवा तिथं. मी शिकवीन तिला."

"लोक म्हणतील, शिक्षा अजून चालूच आहे."

"म्हणू देत."

साहेबांनी आणखी एकदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. तिनं नव्या बाईला भरणं शिकवलं, खूण दाखवली आणि ती मागच्या शेडमध्ये परतली. पुढं नवरा काठी धरून दारापर्यंत जायला लागला, पण तिचं रात्रीचं उठणं काही सुटलं नाही. नोकरी संपेपर्यंत ती त्याच स्टुलावर सिलिंडर घासत राहिली.