चारी तळांना पाय

आण्णा गेल्याचा फोन विट्याहून आला, तेव्हा मोबाइलवर बेसबॉलचा सामना चालू होता. अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडं सकाळ. त्यामुळं आण्णांचा सामना आणि माझ्या भाकरी बरोबरच चालायच्या. उपचारासाठी ते गावी गेले, तरी मी सामना लावायची. दीर बोलले, फोन संपला आणि सामना थांबला होता तिथनं आपोआप पुढं सुरू झाला… तिकडं लोक टाळ्या वाजवत होते.

आण्णा माझे चुलतसासरे. फौजेत असताना शांतिसेनेतनं परदेशी गेले, तिथल्या गोऱ्या शिपायांनी जुन्या सामन्यांच्या टेपा दाखवल्या आणि हे खूळ लागलं. निवृत्तीनंतर मदुराईला, आमच्या सोनं आटवायच्या दुकानात राखणीला आले. वर आमची खोली. मी नववीत शाळा सुटलेली, लग्न करून इथं आलेली. भाषा येईना, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की छातीत धडधड. माहेरी कायमचं निघून जायचं मी मनात धरलं होतं. ते मी फक्त आण्णांना सांगितलं.

त्यांनी उपदेश केला नाही. एका मोठ्या सामन्यातला दोन्ही पाय दुखावलेला गडी सांगितला. शेवटी शेवटी त्याला खेळायला उतरवलं आणि त्यानं चेंडू थेट प्रेक्षकांत मारला. मी म्हटलं, मग झालं की, जिंकला. आण्णा हसले.

“न्हाई पोरी. चेंडू भाईर गेला तरी मैदानातल्या चारी तळांना पाय लावून, जिथनं निघाला त्या घरी यावं लागतं. लंगडत लंगडत आला गडी.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारात माझे तळ आखले. कोपऱ्यावरची फूलवाली पहिला, मशिदीजवळचा नळ दुसरा, उसाच्या रसाचा गाडा तिसरा आणि घर म्हणजे आमचा उंबरा. तळावर पाय आहे तोवर कुणी बाद करत नाही. भ्यायचं ते मधल्या रस्त्यात, तेवढं झपाझप चालायचं.

मी चालले कुठली, पळालेच. फूलवालीची टोपली धरून धापा टाकत उभी राहिले, तर ती बाई हसत सुटली आणि मोगऱ्याचा गजरा हातात दिला. तेवढ्यावरनंच परतले. आण्णा दारातल्या खुर्चीवर बसलेले.

“लंगडा गडी तुझ्यापरास बरा हुता गं.”

कितीतरी दिवसांनी फेरी पुरी झाली. उंबऱ्याला पाय लागला, तसे आण्णांनी दोन्ही हात आडवे पसरले. पंच असंच करतो म्हणे… गडी सुखरूप पोचला. मग रोजच करायचे. माहेरी जायचं कधी राहून गेलं, मला कळलंही नाही.

परवा त्यांच्या फोटोला हार आणायला आमचे मालक निघाले होते. मी म्हटलं, राहू द्या, मी जाते. धडधड अजून होतेच. हार पहिल्याच तळावर मिळाला, तिथनं परत फिरता आलं असतं. पण नळाला हात लावला, रसाच्या गाड्यापाशी उसाचा वास घेत उभी राहिले, सांगलीकडची कुठलीशी सकाळ मनात तरंगत राहिली… आणि घरी आले. उंबऱ्याला पाय लावला. खुर्ची रिकामी.

फोटो आत होता. मी हार खुर्चीच्या या हातापासून त्या हातापर्यंत आडवा ठेवला आणि मग आत गेले.