किल्ली चोरीला गेली नव्हती

"गेली! आपली किल्ली चोरून नेली!"

धानोऱ्याच्या ऑफिसात मी ओरडलो तेव्हा मैनाबाई चहा पीत होत्या. त्या आमच्या संघटनेच्या अध्यक्ष. मी पत्रकं लिहिणारा, वर कॉम्प्युटर बघणारा.

मुद्दा गंभीर होता. बांबूच्या ठेकेदाराच्या माणसांनी दमदाटी केली, असे जबाब पाच बायांनी नावानिशी दिले होते. ते लॅपटॉपवर कुलूपबंद होते आणि दुपारी वकीलबाईंना द्यायचे होते. किल्ली नाही तर जबाब नाहीत. घाबरलेल्या बायांना पुन्हा बोलायला लावायचं कोणत्या तोंडानं?

कुलूप लावणारं सॉफ्टवेअर काळ्या स्क्रीनवर, कमांड टाइप करून चालतं. गुप्त किल्ल्या कोणत्या आहेत ते विचारलं की यादी येते. sec म्हणजे मुख्य किल्ली, ssb म्हणजे तिच्या हाताखालची. माझ्या यादीत sec च्या पुढं # होतं. अर्थ शोधला: मुख्य किल्ली या मशीनवर नाही.

पुढचं वाचतो कोण! पत्रक लिहिलं. 'आदिवासींच्या आवाजावर डिजिटल दरोडा!!!' झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपही केलं.

"काऊन एवढा तापून राह्यला?" मैनाबाई.

"बाई, मुख्य किल्ली मशीनमध्ये नाई!"

"कशी राहीन? माह्या पेटीत आहे. तूच त देलता पेनड्राइव्ह. म्हणे, ग्रामसभेचं रजिस्टर एका घरी, शिक्का दुसऱ्या घरी, तसं हे."

हे वाक्य मी प्रत्येक प्रशिक्षणात टाळ्या घेत बोलतो.

"मग आता पेटी आणायला गावाला जावं लागणार!"

"जबाब उघडून पाह्यले काय आधी?"

नव्हते पाहिले. कमांड दिली, पासवर्ड टाकला. पाचही उघडले. उघडायचं काम हाताखालची ssb करते, आणि ती जागेवरच होती. मुख्य किल्ली लागते ती नवी हाताखालची किल्ली काढायला, नाहीतर जुनी रद्द करायला. म्हणजे ते # माझ्याच खबरदारीची खूण होती.

दुपारी जबाब वकीलबाईंच्या हाती पडले. आता मी आधी कुलूप उघडून बघतो, मग संतापतो.

झेरॉक्सवाल्यानं मात्र तोवर सगळी पत्रकं काढली होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मैनाबाई आता बैठकीची हजेरी घेतात. सही करून लोक कागद उलटतात, वाचतात आणि विचारतात, "दरोडा टाकला कोनं?"

बाई माझ्याकडं बोट दाखवतात.