कल्चरच्या फ्रिजमधले पेढे

आमच्या ठाण्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये एक अटेंडंट आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. जंतू वाढवलेल्या प्लेट्स पिवळ्या पिशवीत भरून ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करायचं काम त्यांचं. पिशवीवरच्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटेपर्यंत "झालं" हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही. कितीही घाई करा, उत्तर एकच, "होतंय." लॅबचं दार ते कोपराने ढकलतात. घरीही तसंच ढकलतात आणि बायकोची बोलणी खातात.

माघी गणपतीला आमच्या विभागप्रमुख बाईंनी नौपाड्यातून पेढे आणले, देवापुढे ठेवलेले. स्टाफरूमचा फ्रिज बंद पडलेला, म्हणून मी डबा लॅबमधल्या कल्चरच्या, म्हणजे वाढवलेले जंतू ठेवायच्या, फ्रिजमध्ये ठेवला. तासाभराचा तर प्रश्न, आणि झाकणही घट्ट होतं.

काकांना तो दिसला. ग्लोव्हज घातलेल्या हातांनी त्यांनी डबा सवयीने कपाळाकडे नेला आणि मध्येच थांबवला. मग टेबलावर ठेवून लांबूनच हात जोडले आणि सरळ पिवळ्या पिशवीत टाकला.

"अहो, प्रसाद आहे तो!" बाई ओरडल्या. त्यांच्यापुढे बोलायची आमची कुणाची टाप नाही.

"म्हणून तर नमस्कार केला, मॅडम," काका शांतपणे म्हणाले आणि ऑटोक्लेव्हचं झाकण आवळलं.

लॅबभर वेलचीचा वास सुटला. बऱ्याच वेळाने काकांनी पट्टी निरखली. "झालं."

मी फ्रिज उघडून पाहिला. डबा ठेवलेल्या जागेला लागूनच टायफॉइडच्या जंतूंच्या नळ्या उभ्या होत्या. टायफॉइड मीच शिकवते, पंधरा वर्षं.