हार्म हिन्रिक्सनचं ग्रीस

माझ्या धंद्यात माझा एकच पराभव झाला, तो हार्म हिन्रिक्सनच्या मानेवर. मी न्हावी. जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्गच्या खाडीवरच्या आमच्या गावातली प्रत्येक मान मला ठाऊक आहे. मासे धुरात सुकवणाऱ्यांच्या मानेला धुराचा वास, पाद्रीबाबांच्या मानेला डांबरगोळ्यांचा. हार्मच्या कानामागे मात्र इंजिनाच्या ग्रीसची एक काळी रेघ होती, ती साबणानं गेली नाही, स्पिरिटनं गेली नाही, मी केलेल्या शिवीगाळीनंही गेली नाही.

"राहू दे की," तो म्हणायचा. "ती निघाली तर डोकं सैल होईल माझं."

हार्म मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. युद्धात तो पाणबुडीवर इंजिनवाला होता. पाणबुडी म्हणजे आपली नावाला. एवढीशी, चौदा जणांची. टॉर्पेडो दोनच, आणि तेही बाहेरून तिच्या तोंडात भरायचे. त्यासाठी बंदरात तिची शेपटी पाण्यात दाबून नाक वर काढायचं, अडेल वासराला औषध पाजतात तसं. दोन सोडले की तिचं काम संपलं, चला घरी. आत माणसं जास्त आणि झोपायच्या जागा कमी. एक उठला की दुसरा त्याच उबेत आडवा.

"गेशेच्या अंथरुणापेक्षा मी आमच्या स्वयंपाक्याच्या अंथरुणात जास्त झोपलोय," हार्म बायकोदेखत सांगायचा.

"मग त्यालाच सांग बटाटे सोलायला," गेशे म्हणायची.

असे किस्से तो भरपूर सांगे. एक मात्र त्यानं एकदाच सांगितला, तोही रमचे दोन गरम पेले पोटात गेल्यावर. शेवटच्या फेरीत विमान आलं. बोट ताबडतोब बुडवायची होती. वर पहाऱ्यावर दोघं. एक उडी मारून आत आला. दुसरा, आयके नावाचा अठराएक वर्षांचा पोरगा, दुर्बिणीचा पट्टा सोडवत राहिला. झाकण बंद झालं. बंद करणाऱ्याचं चुकलं असं कुणीही म्हणालं नाही. थांबले असते तर सगळेच गेले असते. हार्म इंजिनापाशी होता. त्यानं इंजिन बंद केलं, आणि मग त्या शांततेत सगळ्यांना वरून तीन थापा ऐकू आल्या.

आणि त्या दोन टॉर्पेडोंनी पलीकडची कुणाची पोरं बुडवली, ते आमच्या गावात कुणी विचारत नाही. मीही केस कापताना विचारत नाही. गिऱ्हाईक तुटतं.

पंचेचाळीसच्या मे महिन्यात युद्ध हरलो. बोट शत्रूच्या हाती द्यायची नाही म्हणून कप्तानानं ती आमच्याच खाडीत बुडवायचं ठरवलं. सगळे रबरी होडीत उतरले. हार्म वर येईना. कप्तान झाकणातून ओरडला, "हिन्रिक्सन, काय चाललंय? लग्न लावतोयस का तिचं?"

"ग्रीस लावतोय, साहेब."

"अरे गाढवा, ती बुडणार आहे!"

"म्हणूनच लावतोय, साहेब."

इंजिन बरेच दिवस उभं राहणार असेल तर त्याला नखशिखांत ग्रीस चोपडायचं आणि भोकं चरबीच्या बोळ्यांनी बंद करायची, हे त्याच्या हाताला शिकवलेलं होतं. हाताला युद्ध हरल्याचं कळलं नव्हतं. सगळा डबा संपवून तो वर आला, तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं होतं.

घरी आल्यावर त्यानं एकच गोष्ट सांगितली. मोम्मे, त्याचा एकुलता एक, तेव्हा आठ वर्षांचा. त्याच्या डोक्यावर हात ठेवून हार्म गेशेला म्हणाला, "हा मासे धरेल, भीक मागेल, न्हावी झाला तरी चालेल. पण पाण्याखालच्या त्या डब्यात उतरणार नाही."

न्हावी भिकाऱ्याच्याही खाली का, हे मी त्याला पुढे कितीदा विचारलं. तो नुसती मान पुढं करायचा.

अकरा वर्षं गेली. देशाला पुन्हा नौदल मिळालं, पण नौदलाला पाणबुड्या नव्हत्या. कुणाच्या तरी डोक्यात आलं की खाडीच्या तळाशी आहेत की! क्रेन आली. अख्खं गाव धक्क्यावर, बायका बटाट्याचं सॅलड घेऊन, जत्राच. चिखल गाळत, शिंपल्यांनी मढलेली हार्मची बोट वर आली. हार्म आला नाही. पण त्याचं ग्रीस आलं. तारा सडल्या होत्या, बॅटऱ्यांचा लगदा झाला होता. इंजिनावरचा काळा थर मात्र खरवडला आणि आत लोखंड चकचकीत निघालं.

वर्तमानपत्रात फोटो आला. लोक हार्मची पाठ थोपटायला लागले. तो खुर्चीत बसला की मला म्हणायचा, "वस्तरा जरा खोल गेला तरी चालेल आज."

आणि मग मोम्मेनं नौदलात नाव नोंदवलं. बापाच्या शेडमध्ये वाढलेला, त्याच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा. त्याच बोटीवर, इंजिनवाला म्हणून.

नौदलानं हार्मला कारखान्यात बोलावलं. इंजिन पहिल्यांदा चालवणार होते. जुन्या माणसानं ऐकून सांगावं, घ्यायचं की भंगारात टाकायचं. इंजिन गेलं असतं तर बोटही गेली असती, तिला दुसरं बसत नव्हतं. हार्मनं मला सोबत नेलं. गेशेला नको, ती रडेल, म्हणाला.

इंजिन सुरू झालं. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण ते मांजरासारखं घुरघुरत होतं. हार्मनं स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकलं. मग अधिकाऱ्याला म्हणाला, "दांड्याला तडा आहे. भंगारात टाका."

अधिकाऱ्याचा चेहरा पडला. मला मात्र हायसं वाटलं. तेवढ्यात मागून मोम्मे म्हणाला, "बाबा, द्या तो स्क्रूड्रायव्हर इकडे."

"तुला काय कळतंय?"

"तुम्हीच शिकवलंत." त्यानं ऐकलं. सहाही सिलिंडरवर. कपाळावर एक आठी नाही. "साहेब, तडाबिडा काही नाही. बाबांना आता कमी ऐकू येतं."

हे त्यानं बापाला वाचवायला म्हटलं, हे मला कळलं. हार्मला जास्त कळलं. खोटं बोलला असं चारचौघांत ठरण्यापेक्षा बहिरा ठरणं बरं. पण अधिकाऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवून मोठ्यानं, एकेक शब्द तोडत सांगितलं, "काही - हरकत - नाही - आजोबा!" तेव्हा हार्मचं वय पन्नासही नव्हतं.

परतीच्या बसमध्ये तो एकदाच बोलला. "डबाभर ग्रीस, रे. समुद्रात ओतलं असतं तर माशांनी तरी शिव्या दिल्या असत्या."

बापलेक पुढं जेवणाच्या टेबलावर मीठ मागण्यापुरते बोलत. पण पहिल्याच फेरीला बोट गावासमोरून गेली, आणि हार्म अर्ध्या दाढीनं माझ्या खुर्चीतून उठला. गळ्यात टॉवेल. "तिसऱ्याचा व्हॉल्व्ह ढिला आहे. ऐकू येत नाही का तुला?" रविवारी तो हत्यारांची पेटी घेऊन नौदलाच्या फाटकावर उभा राहिला. पहारेकऱ्यानं हाकललं. पुढच्या रविवारी पुन्हा. शेवटी आत सोडलं, वीट येऊन. ज्या बोटीचं तोंड बघायचं नव्हतं, तिच्या पोटात हा पालथा पडून व्हॉल्व्ह बसवायला लागला. मोम्मे पाना पुढं करायचा.

परवा बोट सरावाला निघाली. हवा वाईट होती. हार्म धक्क्याच्या टोकाला उभा, टोपी काढून, कान पाण्याकडे. मी छत्री घेऊन गेलो.

"कसं चाललंय इंजिन?"

"छान चाललं होतं."

"होतं म्हणजे?"

"बुडी मारली तिनं. खाली गेली की इंजिन बंद करतात, बॅटरीवर चालते. आता काही ऐकू यायचं नाही."

"मग चल की घरी. गेशेनं सूप केलंय."

"तू हो पुढं," तो म्हणाला, आणि टोपी घालायचं नाव घेईना.