नव्याआधीची काकडी

आमच्या शेताचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे. पाड्यावरचे लोक त्याला नुसतं ‘सगळ्यांचं’ म्हणतात. कुठे निघालीस, तर सगळ्यांच्यावर. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा, कारण २०१४ साली पहिल्या बैठकीत ‘हे शेत सगळ्यांचं’ असं मीच तासभर बोललो होतो. आनंद होतो, पण काकडीही आठवते.

जमीन तलासरीकडची, टेकडीच्या उताराची, माझ्या चुलत्यांची. आमची चिकूची वाडी घोलवडला. तिथे पाड्यातल्या माणसांच्या दोन पिढ्या झाडांवर चढून चिकू उतरवत आल्या आणि आमच्या दोन पिढ्या ओट्यावर बसून चहा पीत आल्या. चाळिशी उलटल्यावर मला याची लाज वाटू लागली. चुलते गेल्यावर ती जमीन पाड्यासाठी ट्रस्ट काढून त्याला द्यावी म्हणून मी भावंडांच्या मागे लागलो, ट्रस्टचा सचिव झालो, शर्ट सोडून झब्बा घालू लागलो. पाड्यावर मला तरीही शेठच म्हणत. मी प्रत्येक बैठकीत सांगायचो, शेठ म्हणू नका. ते म्हणायचे, बरं शेठ.

शेताचा नियम सोपा होता. ज्या घरचं माणूस कामाला आलं त्या घराला आधी वाटा, मग अंगणवाडीच्या स्वयंपाकाला, आणि उरेल ते तलासरीच्या बाजारात. पहिली दोन वर्षं नाचणी आणि वरई झाली. मग बायकांनी मांडव घातले आणि काकडी, शिराळी, पडवळ लावलं. बियाणं सांभाळायचा एक म्हातारा वारली. सगळे त्याला आजा म्हणत. बी राखेत घोळवून तो भोपळ्याच्या वाळलेल्या तुंब्यात ठेवायचा आणि दिवसभर शेतातल्या उंच माळ्यावर गोफण घेऊन राखणीला बसायचा.

इथली एक रीत आहे. पीक आलं की भगत, म्हणजे पाड्याचा पुजारी, दिवस ठरवतो, आणि त्या दिवशी देवाला व वाडवडिलांना दाखवून ‘नवं’ करतात. तोवर पाड्यातलं कोणी नवी काकडी तोंडात घालत नाही. मला हे चांगलं ठाऊक होतं. मुंबईहून पाहुणे आले की मीच त्यांना भारावून समजावायचो, बघा, हावरटाला आधी मिळत नाही, सगळ्यांना एकाच दिवशी मिळते.

२०१७ च्या पावसाळ्यात, उघडीप पडलेल्या एका दुपारी, मी मांडवाखाली एकटाच होतो. माळा रिकामा होता, आजा जेवायला गेला असावा. बांधाकडच्या वेलाला हातभर लांब, कोवळी काकडी लोंबत होती. मी खिशातल्या चाकूने देठ कापला आणि ती उभ्या उभ्या खाल्ली. मीठसुद्धा नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बायकांच्या बचतगटाच्या अध्यक्षीणबाईंनी सगळ्यांना मांडवाखाली बोलावून कापलेले देठ दाखवले. पाच होते. कोणीतरी कोल्ह्याचं नाव काढलं. बाईंनी विचारलं, “कोल्हा चाकू घेऊन येतो का?”

मग नजरा माळ्याकडे वळल्या. उघड आरोप कोणी केला नाही. एक बाई एवढंच म्हणाली की म्हातारपणी भूक जास्त लागते. आजा खाली उतरला, गोफण खांद्यावर टाकली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, बियांचा तुंबा तेवढा आला. सोबत निरोप, दुसऱ्या कोणाला तरी द्या. दुसऱ्या कोणाला त्यातलं काही कळत नव्हतं.

आणि मी? मी चौकशी समिती नेमावी असं सुचवलं. हे लिहिताना आजही कान तापतात.

दोन दिवस मी त्या समितीसाठी नावं काढत बसलो. तिसऱ्या दिवशी बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, “काकडी मी खाल्ली.”

अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. “पाचही?”

“एकच.”

“शेठ, कबूल करायला उभे राहिलात, तर पुरतं कबूल करा.”

सगळे हसले. मी शपथ घेतली, पण तीन दिवस गप्प बसलेल्या माणसाच्या शपथेला कोण विचारतो? भगताने दंड सांगितला, पाच काकड्यांचे पाच नारळ, आणि नव्याच्या दिवशी सगळ्यांना वाढून मी शेवटी जेवायचं. बाईंनी त्यात भर घातली, तुंबा घेऊन आजाकडे मी स्वतः जायचं.

आजा अंगणात टोपली विणत होता. मी माझ्या आजोबांपासून सुरुवात करून वाडी, ओटा, चहा, सगळं सांगत काकडीपर्यंत आलो. त्याचे हात चालूच होते.

“कडू होती?” त्याने विचारलं.

“नाही. गोड होती.”

“कुठल्या वेलाची?”

“बांधाकडच्या.”

त्याने समाधानाने मान हलवली. “तोच राहिला होता. बाकीच्या चार मी खाल्ल्या.”

तो शांतपणे सांगत राहिला. कडू वेलाची बी ठेवली तर पुढच्या वर्षी हीच माणसं त्याच्या नावाने ओरडणार, आणि चाखल्याशिवाय वेल कळत नाही. त्याचा बापही नव्याआधी असाच गुपचूप चाखायचा.

“मग रुसून घरी का बसलास, आजा?”

“पाच म्हणाले ना,” तो म्हणाला. “पाचवी मी खाल्ली नव्हती.”

मी विचारलं, आता खरा आकडा सांगू का सगळ्यांना? त्याने तुंबा माझ्या हातातून घेतला, कानाशी नेऊन हलवून पाहिला आणि म्हणाला, “पाच नारळ ठरलेत, पाचच आण.”

दुसऱ्या दिवशी तो माळ्यावर होता. नव्याला मी सगळ्यांना वाढलं आणि माझ्या पानात काकडीची शेवटची चकती आली, बोटाच्या पेराएवढी.

पुढच्या पावसाळ्यात, नवं व्हायला आठवडा असताना, आजाने मला खुणेने माळ्यावर बोलावलं. आता जिभेला पूर्वीसारखं कळत नाही म्हणाला. पळसाच्या पानावर त्याने पाच वेलांच्या पाच फोडी ओळीने मांडल्या होत्या. मी चारी बाजूंना पाहिलं, घाम पुसला आणि पहिली तोंडात टाकली. तिसरी कडू निघाली.