डागी आंब्यांचा वाटा

अपमान विसरणाऱ्यातली कमलाबाई नव्हती. पालीजवळच्या आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात ती झाडलोट करायची. डागी आंबे निळ्या क्रेटमध्ये टाकत, आणि संध्याकाळची घंटा झाली की बाया त्यातले पाच-सहा पदरात बांधून घरी नेत. जुन्या मालकांनीच लावून दिलेला हा वाटा. पण २००५च्या मे महिन्यात सखाराम सुपरवायझरने तिला फाटकात अडवलं, सगळ्यांदेखत पदराची गाठ सोडायला लावली आणि चोर म्हणाला. कामावरून काढलं नाही, एवढंच. पुढे तिच्या सुनेलाही नळावर टोमणे ऐकावे लागले. हा शब्द त्याच्याच गळ्यात बांधीन, असं कमलाबाईने तेव्हाच ठरवलं.

दोन वर्षांनी कॅमेरे आले, आणि उमैमा आली. पोरगी रत्नागिरीचीच, मुंबईत कम्प्युटर शिकणारी. कॅमेऱ्याला दिसतं सगळं, कळत काहीच नाही. म्हणून ती त्याच्यासाठी घटनांचा कोश रचत होती, म्हणजे काय घडलं तर त्याला काय म्हणायचं याची यादी. कोणी, काय, कुठून, कधी, कुठल्या दाराने नेलं, म्हणजे चोरी?

सखाराम दात विचकत म्हणाला, "कमलीला विचारा. चोरीतलं तिला कळतं." कॅमेरे बायांसाठीच लावलेत, अशी त्याची खात्री होती. मेल्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

कमलाबाई उमैमाशेजारी बसली. "लिव बाय. निळ्या क्रेटातला, घंटा झाल्यावर, मोठ्या फाटकातनं, चारचौघांम्होरं नेला, तर तो वाटा. पिवळ्या क्रेटातला चांगला माल, घंटेआदी, मागल्या दारानं गेला, तर ती चोरी. नेनारा कोन का असंना."

"मागच्या दाराने कोण जातं, मावशी?"

"तू लिव तर खरी."

मागचं अंगण रोज तीच झाडायची. दुपारी सखारामची जीप तिथे का लागते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आठवड्याने उमैमाने मालकांना आदल्या दिवसाचं चित्रण दाखवलं; सखाराम आणि कमलाबाईलाही बोलावलं होतं. बाया फाटकातून गेल्या, पडद्यावर अक्षरं आली: वाटा. "वडिलांपासूनचं आहे हे," मालक म्हणाले. मग तिने दुपारचं चित्रण लावलं. मागच्या दाराने पिवळं क्रेट उचलून सखाराम निघाला. चोरी. पुन्हा क्रेट, पुन्हा चोरी.

"कम्प्युटर चुकला असेल!" सखाराम पडद्यापुढे येऊन उभा राहिला. "कमलाबाई, तुम्ही तरी सांगा यांना."

तिला त्याची जराही दया आली नाही. उलट दोन वर्षांत पहिल्यांदाच छाती मोकळी झाली. मालकांनी मागच्या दारची त्याची भरलेली, ताडपत्री बांधलेली जीप फाटकात आणवली, तेव्हा घंटा होऊन बाया तिथेच जमल्या होत्या.

"हितंच माजी गाठ सोडवलीस ना?" कमलाबाई म्हणाली. "आता ताडपत्रीची सोड. सगळ्यांदेखत."

गाठी घट्ट होत्या. शेवटची सुटेपर्यंत ती जागची हलली नाही.